डीएनए कंपन्यांकडे गेलेली आपली माहिती: काय लपवायचं, काय पुसायचं, कुणाला विचारायचं

कोकणातल्या घरात डीएनए चाचणीचा डबा येतो तो बहुधा पाहुण्याच्या बॅगेतून. मे महिन्यात नाहीतर गणपतीला अमेरिकेहून आलेला पुतण्या चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या काढता काढता एक-दोन पांढरे डबेही काढतो. आपलं कुळ मूळचं कुठलं याची हौस आपल्याला जुनीच. कुलवृत्तांत छापून घेणारी घराणी इथे आहेत, आणि मूळपुरुष घाटावरून उतरला की समुद्रातून आला यावर रात्र जागवणारे आजोबाही आहेत. त्यामुळे अर्धा तास काही न खाता-पिता नळीत थुंकायला म्हातारी माणसंसुद्धा तयार होतात. कुडाळकडच्या एका आजींनी मात्र डबा हातात घेऊन विचारलं होतं, "थुकी ती थुकी, तेचा काय करतले ते?"

दुसरा रस्ता मुंबई-पुण्याच्या लॅबचा. 'वेलनेस पॅकेज'मध्ये रक्ताच्या तपासण्यांबरोबर एक जनुकीय तपासणी जोडलेली असते. सवलत असते म्हणून आपण हो म्हणतो.

माझं रत्नागिरीजवळ कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक रिपोर्ट छापायला येतात, पासवर्ड हरवला म्हणून येतात, 'आमचं सगळं काढून टाकायचंय' म्हणूनही येतात. पुढे दिलेली पद्धत मी त्यांच्यासोबत बसून करतो तीच आहे. घाईत असाल तर निदान तिसरी पायरी आजच करा, बाकीच्या सवडीने.

कंपनीकडे नेमकं काय असतं

तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, नळीतला उरलेला नमुना. तो प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेला असू शकतो. दोन, त्यातून वाचलेली अक्षरांची फाइल, जिला 'रॉ डेटा' म्हणतात. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. घरगुती चाचण्या त्यातल्या साधारण सहा-सात लाख ठरावीक जागा वाचतात. तीन, तुम्ही स्वतः भरलेलं: नाव, जन्मवर्ष, आजी-आजोबांची गावं, आजारांच्या प्रश्नावलीची उत्तरं, वंशवृक्ष. या तिन्ही गोष्टी काढायची बटणं वेगळी असतात. एक दाबलं म्हणून दुसरं होत नाही.

आणि यातलं काहीच एकट्याचं नसतं. आपल्या सामायिक सातबाऱ्यावर बावीस नावं असतात आणि एकाच्या सहीने जमीन विकता येत नाही, म्हणून भावकी कितीही भांडली तरी जमीन जागेवर राहते. डीएनएच्या बाबतीत मात्र एकच हिस्सेदार सही करतो आणि सगळ्यांचा हिस्सा जातो. आई-मुलात ५० टक्के डीएनए सारखा असतो, काका-पुतण्यात सुमारे २५, चुलतभावंडांत साडेबारा. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांचा निदान एक तरी नातेवाईक अशा मोठ्या डेटाबेसमध्ये सापडतो. हा नातेवाईक म्हणजे खापरपणजोबा एक असलेला भाऊ, किंवा त्याहून जवळचा. म्हणजे त्या लोकांनी स्वतः चाचणी केलेली नसली तरी त्यांचा माग निघू शकतो.

आत्तापर्यंत काय झालंय

भीती घालायला हे सांगत नाहीये. कुठली कडी ढिली असते ते यातून कळतं म्हणून सांगतो.

'ट्वेंटी-थ्री अँड मी' ही या धंद्यातली सगळ्यात गाजलेली अमेरिकन कंपनी. २०२३ मध्ये चोरांनी दुसऱ्या संकेतस्थळांवरून फुटलेले ई-मेल आणि पासवर्ड घेऊन तिथे लावून पाहिले. ज्यांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता अशी सुमारे १४ हजार खाती उघडली. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण त्या खात्यांना 'नातेवाईक शोधा' ही सोय जोडलेली होती. तिच्यातून चोरांना सुमारे ६९ लाख लोकांची माहिती मिळाली: नाव, जन्मवर्ष, नात्याचा प्रकार, काहींचं गाव. त्या ६९ लाखांतल्या बहुतेकांचा पासवर्ड उत्तम असेल. त्यांच्या कुठल्यातरी चुलत-मावस भावाचा तसा नव्हता.

चोरांनी त्यातल्या याद्या समाजवार करून विकायला काढल्या. अश्केनाझी ज्यू लोकांची वेगळी, चिनी वंशाच्या लोकांची वेगळी. कोकणात बसून हे वाचताना मला लगेच अलिबागकडचे बेने इस्रायली आणि मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या पूर्वजांची कथा सांगणाऱ्या बेने इस्रायली समाजावर २०१६ साली जनुकीय संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात पश्चिम आशियातले ज्यू आणि इथले स्थानिक अशा दोन्ही बाजूंचा वारसा दिसला. असं काही वाचलं की स्वतःचंही बघावंसं वाटणं साहजिक आहे. पण समाज जितका लहान, तितकं नुसत्या समाजाच्या नावावरून माणूस हुडकणं सोपं.

याच कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक दीड कोटींच्या घरात. सगळ्यांची माहिती हीच कंपनीची मुख्य मालमत्ता, म्हणून तिचा लिलाव झाला. एका औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलर बोलले. शेवटी जुलै २०२५ मध्ये मूळ संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला ती घेतली. नशीब म्हणा. दुसऱ्या कुणी जास्त बोली लावली असती तर ती त्याची झाली असती.

आणि 'जेडमॅच' हे संकेतस्थळ. इथे लोक दुसऱ्या कंपनीची फाइल आणून चढवतात. कॅलिफोर्नियातल्या कित्येक वर्षं न सापडलेल्या खुन्याला पोलिसांनी २०१८ मध्ये इथल्या मदतीने शोधलं, तेही त्याच्या दूरच्या नातेवाइकांच्या फाइलींवरून. खुनी सापडला ते चांगलंच झालं. पण २०२० मध्ये हॅकरांनी तिथल्या सेटिंग बदलल्या आणि पोलिसांना नको म्हटलेली माणसंही काही तास पोलिसांच्या शोधात दिसू लागली. नको म्हणून टिक काढलेली असली तरी टिक ठेवणारा संगणक दुसऱ्याचाच असतो.

पहिली पायरी: कुणाचं काय, कुठे

एक वही घ्या. घरातल्या कुणीकुणी नमुना दिला, कुठल्या कंपनीला, अंदाजे कधी, आणि खातं कुणाच्या ई-मेलवर आहे, हे लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे डबा नोंदवला पुतण्याने, ई-मेल त्याचा, फोन त्याचा, नमुना अण्णांचा. अण्णांना वाटतं आपलं खातं आहे. प्रत्यक्षात किल्ली तिकडे अमेरिकेत, एडिसनमध्ये आहे.

तिकडे फोन करून सरळ विचारा: "बाळा, माझी नळी तुझ्या खात्यात आहे की माझ्या नावाचं वेगळं प्रोफाइल आहे? माझी फाइल तू आणखी कुठे चढवलीस का?" दुसरा प्रश्न टाळू नका. हौशी मंडळी एका कंपनीची फाइल उतरवून 'माय हेरिटेज', 'फॅमिली ट्री डीएनए', 'जेडमॅच' आणि आहारसल्ला देणाऱ्या अॅप्सवर चढवत सुटतात. मूळ ठिकाणी पुसलं तरी या प्रती राहतात.

स्वतःचा ई-मेलही चाळा. इनबॉक्समध्ये 'डीएनए', 'किट', 'सॅम्पल रिसीव्ह्ड' असे शब्द शोधलेत की विसरलेलं खातं सापडतं.

दुसरी पायरी: खातं आपल्या ताब्यात

पासवर्ड बदला. लांब, आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला. वर सांगितलेली २०२३ ची चोरी निव्वळ एवढ्याने त्या १४ हजार खात्यांपुरती टळली असती.

मग दुहेरी पडताळणी चालू करा. इथे कोकणातल्या माणसासाठी खास सूचना: मेसेजने येणारा ओटीपी निवडू नका. पावसात वीज गेली की टॉवर बसतो, रेंज येते ती विहिरीजवळच्या एका दगडावर, आणि तिथे पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. परदेशी नंबरवर खातं असेल तर ओटीपी आपल्या फोनवर येणारच नाही. त्याऐवजी ऑथेंटिकेटर अॅप वापरा. त्यातला सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. चालू करताना बॅकअप कोड दिसले तर कागदावर उतरवा. त्यांचा फोटो काढू नका.

ज्या ई-मेलवर खातं आहे त्या ई-मेललाही हेच करा. ई-मेल ज्याच्या हातात, तो 'फरगॉट पासवर्ड' दाबून बाकी सगळं उघडतो.

तिसरी पायरी: नातेवाईक शोध बंद

खातं पुसायचं नसेल तरी हे कराच. कंपनीगणिक नाव वेगळं असतं: 'डीएनए रिलेटिव्ह्ज', 'डीएनए मॅचेस'. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत सापडतं. बंद केलं की तुम्ही इतरांच्या यादीत दिसत नाही आणि इतर तुमच्या यादीत.

गेल्या वर्षी गुहागरकडच्या एका काकांचं खातं आम्ही दुकानात उघडलं. वर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली 'राहण्याचं ठिकाण' मध्ये गाव आणि वाडी. आजी-आजोबांच्या जन्मगावांत चारही गावं स्पष्ट लिहिलेली. त्याखाली बाराशेवर 'नातेवाईक', आणि त्यातल्या प्रत्येकाला हे सगळं दिसत होतं. काका म्हणाले, "मग आणखी लिहायला नको होतं का? लोकांना ओळख पटायला बरं." पत्रिका जुळवताना जसं सगळं नीट भरतात तसं त्यांनी भरलं होतं. वडिलांचं नाव आणि आजोळ एवढ्यावर आपल्याकडे बँकेच्या फोनवाल्याला अर्धी पडताळणी देता येते, हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच खोडायला घेतलं.

नातेवाईक शोध चालू ठेवायचाच असेल, आणि काहींना खरंच हरवलेली शाखा शोधायची असते, तर निदान एवढं बदला. नावाच्या जागी आद्याक्षरं. गाव, वाडी, जन्मवर्ष रिकामं. वंशवृक्षात हयात माणसं 'प्रायव्हेट'. चेहऱ्याचा फोटो काढून टाका.

जाता जाता: यादीतलं 'चौथ्या पिढीतला भाऊ' वगैरे फार मनावर घेऊ नका. शतकानुशतकं आपापल्यातच सोयरिकी झालेल्या समाजांत माणसं अनेक बाजूंनी थोडी थोडी जोडलेली असतात. बेरीज मोठी दिसते आणि संगणक दूरचं नातं जवळचं दाखवतो. अशा यादीवरून वारसाचा वाद उकरून काढणारे मी पाहिलेत. उलट बाजूने, जवळच्या नात्यातला निकाल सहसा चुकत नाही. सावत्र भावंड, दत्तक गेलेलं मूल, घरात कधी न बोललेली गोष्ट एका सूचनेसरशी फोनवर येते. ते पेलायची तयारी नसेल तर शोध बंदच बरा.

चौथी पायरी: दिलेली संमती मागे घेणं

नळी पाठवताना दोन टिका बहुधा मारलेल्या असतात. एक संशोधनासाठी माहिती वापरायला, दुसरी उरलेला नमुना जपून ठेवायला. दोन्ही वेगवेगळ्या काढता येतात. 'रिसर्च कन्सेंट' मध्ये जाऊन 'नाही' करा, आणि नमुन्यासाठी 'डिस्कार्ड सॅम्पल' किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा.

यातली मेख अशी की संमती काढणं पुढच्यापुरतं असतं. जे संशोधन होऊन गेलं त्यातून तुमची माहिती वेगळी काढत नाहीत. म्हणून ही पायरी लवकर केलेली बरी.

मी स्वतः संशोधनाच्या विरोधात नाही. उलट, भारतीयांची जनुकीय माहिती जगाच्या संशोधनात फार कमी आहे आणि त्याचा तोटा आपल्यालाच होतो. केंद्र सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने देशभरातल्या १० हजार लोकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला केला. अशा प्रकल्पात समोर बसून समजावून संमती घेतात. सवलतीच्या डब्यातल्या टिकेला मी तो दर्जा देणार नाही.

पाचवी पायरी: पुसण्याआधी फाइल उतरवायची का?

बहुतेकांनी उतरवू नये, असं माझं मत. उपयोग काहीच होत नाही आणि एक धोकादायक फाइल घरात येते. पण पैसे खर्च केलेत, पुढे डॉक्टरला दाखवावी वाटेल, असं म्हणणाऱ्यांसाठी:

ती एक झिप फाइल असते, आकाराने लहान, काही एमबीची. ती स्वतःच्या संगणकावर उतरवा. आमच्यासारख्या दुकानात नको, सायबर कॅफेत नको, सेतू केंद्रात तर अजिबात नको. कुठल्याही झेरॉक्सवाल्याच्या संगणकावरचा 'डाउनलोड्स' फोल्डर उघडून पाहा: अनोळखी माणसांची आधार कार्डं, सातबारे, सोनोग्राफीचे रिपोर्ट, लग्नाचे बायोडेटा, सगळं तारीखवार. मी रोज रात्री तो रिकामा करतो. सगळे करत नाहीत. आणि व्हॉट्सअॅपवर "छापून ठेव" म्हणून पाठवलेली फाइल दुकानदाराच्या फोनमध्येही राहते.

उतरवल्यावर सेव्हन-झिपसारख्या मोफत साधनाने पासवर्ड घालून नवी झिप करा, ती पेन ड्राइव्हवर ठेवा, मूळ फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. खाऱ्या दमट हवेत पेन ड्राइव्ह फार टिकत नाहीत. दोन ठेवा, सिलिका जेलची पुडी घालून बंद डबीत.

आणि त्या फाइलवरून आजाराचं निदान करायला जाऊ नका. २०१८ च्या एका अभ्यासात अशा रॉ डेटामधले जे धोकादायक बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, त्यातले ४० टक्के खोटे निघाले. नमुने थोडे होते, तरी धडा पुरेसा आहे. घरात स्तनाचा कर्करोग किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली, जनुकीय समुपदेशकाने समजावलेली तपासणी करा. ती वेगळ्या दर्जाची असते.

सहावी पायरी: पुसणं

ट्वेंटी-थ्री अँड मी वर: सेटिंग्जमध्ये तळाशी 'ट्वेंटी-थ्री अँड मी डेटा', तिथे 'व्ह्यू', मग खाली 'परमनंटली डिलीट डेटा'. त्यानंतर ई-मेल येतो. त्यातल्या लिंकवर जाऊन पुष्टी केल्याशिवाय काहीही पुसलं जात नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात. ई-मेल पुतण्याकडे जातो, तो मीटिंगमध्ये असतो, दोन दिवसांनी विसरतो. फोन चालू ठेवून दोघांनी एकाच वेळी बसा.

माय हेरिटेजवर डीएनए किट व्यवस्थापनाच्या पानात किटसमोरच्या तीन ठिपक्यांत पुसण्याचा पर्याय आहे. अँसेस्ट्री या अशाच दुसऱ्या कंपनीवर तो चाचणीच्या सेटिंग्जमध्ये असतो. जेडमॅचवर प्रत्येक किट वेगळं पुसावं लागतं. पुसण्याची विनंती करण्याआधी चौथ्या पायरीतला नमुना नष्ट करायचा पर्याय निवडलाय ना, ते पुन्हा बघा, कारण खातं गेल्यावर तो पर्याय दिसत नाही.

काय उरतं? अमेरिकन प्रयोगशाळांना तिथल्या नियमांनुसार काही नोंदी ठेवाव्या लागतात, जसं जन्मतारीख, लिंग आणि चाचणीशी संबंधित काही जनुकीय माहिती. 'सगळं गेलं' असं कुणी म्हटलं तर पूर्ण खरं नाही. जे लोकांना दिसत होतं आणि जे विकता येत होतं ते बहुतांश जातं, आणि तेवढ्यासाठी हे करायचं.

पुष्टीचा ई-मेल जपून ठेवा. महिन्याभराने जुन्या पासवर्डने आत जाऊन पाहा. पुसलेलं खातं किंवा किट अजून दिसलं तर काम झालेलं नाही.

सातवी पायरी: भारतातली लॅब असेल तर पत्र

इथे बटण सहसा नसतं, पत्र लिहावं लागतं. कायद्याची स्थिती थोडी संधिकालाची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण माहिती पुसून घेण्याचा हक्क धरून त्यातला मोठा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायचा आहे. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम हाताशी आहेत. त्यांत वैद्यकीय माहिती 'संवेदनशील' मानली आहे, दिलेली संमती लेखी मागे घेता येते, आणि कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर लावून महिन्याभरात तक्रार निकाली काढायची आहे. ते नाव बहुधा प्रायव्हसी पॉलिसीच्या पार तळाशी असतं.

पत्र असं:

"महोदय, मी अमुक दिनांकाला आपल्याकडे जनुकीय तपासणी केली, नोंदणी क्रमांक अमुक. माझी माहिती साठवण्यास, वापरण्यास व अन्य कुणास देण्यास दिलेली संमती मी मागे घेत आहे. कृपया १) माझा उरलेला नमुना नष्ट करावा, २) जनुकीय माहिती व अहवाल पुसावा, ३) ज्या संस्थांना ही माहिती दिली त्यांची यादी द्यावी व त्यांनाही पुसण्यास कळवावे, ४) कायद्याने जे ठेवणे बंधनकारक आहे ते नेमके काय व किती काळ, हे लेखी कळवावे."

चौथा मुद्दा गाळू नका. त्यावर गोलमोल उत्तर आलं की लॅबने अजून काही पाहिलेलंच नाही हे कळतं. पत्र ई-मेलने पाठवा, आणि मोठी रक्कम भरली असेल तर स्पीड पोस्टनेही. ज्या स्थानिक कलेक्शन सेंटरमधून नमुना गेला त्यालाही प्रत द्या, कारण तुमचा फॉर्म आणि फोन नंबर त्याच्या टेबलाच्या खणात आहे. नव्या कायद्यात संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते. तसंच दुसऱ्याचं सोंग घेऊन किंवा उगाच तक्रार करणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंडही त्यात आहे, तेव्हा खरं तेवढंच लिहा.

विम्याचं

हा प्रश्न दुकानात सगळ्यात जास्त येतो. अमेरिकेतला २००८ चा कायदा आरोग्य विमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करू देत नाही, पण आयुर्विमा त्यात नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय विकार म्हणून सरसकट दावा नाकारणं चुकीचं ठरवलं आणि त्यानंतर विमा नियामकाने आरोग्य विमा कंपन्यांना तशा सूचना दिल्या. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये विचारलेलं लपवू नका, नाहीतर दावा त्याच मुद्द्यावर अडकेल. आणि न विचारलेला रंगीत अहवाल एजंटला व्हॉट्सअॅपवर पाठवूही नका.

फसवे फोन

कंपनी विकली गेल्याची बातमी आली की ई-मेल सुरू होतात: 'तुमचा डेटा पुसण्यासाठी इथे क्लिक करा', 'नुकसानभरपाईसाठी बँक तपशील द्या'. लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा. 'तुमच्या डीएनएत हृदयविकार दिसतोय, औषध पाठवतो' असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

डबा अजून उघडला नसेल तर

तो तसाच परत बॅगेत घालायला सांगता येतं, पुतण्या रागावत नाही. करायचंच असेल तर घरातल्या सख्ख्या माणसांना आधी सांगा. गणपतीत सगळे एकत्र असतातच, तेव्हा विषय काढा. खातं ज्याचा नमुना त्याच्याच ई-मेलवर, टोपणनावाने. दोन्ही संमतीच्या टिका रिकाम्या. अठराच्या आतल्या मुलांचा नमुना देऊ नका. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस गुपचूप पाठवण्याची कल्पना कुणी मांडली, आणि वाटपाच्या भांडणात ती मांडतात, तर नाही म्हणा आणि वकिलाकडे जा.

म्हाताऱ्या माणसांच्या खात्याचं काय

नव्या कायद्यात आपल्या मागे हे हक्क कुणी बजावायचे त्याचं नाव देण्याची सोय आहे. ती सुरू होईपर्यंत साधी व्यवस्था करा. पहिल्या पायरीतल्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक खात्याचा ई-मेल, बॅकअप कोड कुठल्या पाकिटात आहेत ते, आणि 'ठेवा' की 'पुसा' असा एकच शब्द त्या माणसाच्या स्वतःच्या अक्षरात लिहून घ्या. खाली तारीख आणि सही.